मला ड्रम नको होता

मध्यंतरी डोळ्यांचे डॉक्टर "लेझरनं करून टाकू" म्हणाले आणि माझे कान तापले. डॉक्टरांना वाटलं, म्हातारा घाबरला. त्यांनी पाठीवर हात ठेवून धीर दिला, अजिबात दुखणार नाही म्हणाले. मी मान डोलावली. मला लाज वाटली होती, आणि डोळ्यांत थेंब घालून खुर्चीत बसलेल्या माणसानं डॉक्टरला लाजेची गोष्ट कुठून सुरू करून सांगायची? आमच्या घरात 'लेझर' हा शब्द कुणी काढत नाही. बायको 'त्या लाइटची मशीन' म्हणते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी बेळगावात एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत निदेशक होतो. निदेशक म्हणजे पोरांना सोल्डरिंग शिकवायचं, त्यांनी जाळलेले ट्रान्झिस्टर बदलायचे आणि प्राध्यापक मंडळी "अहो, जरा बघा हे" म्हणाली की बघायचं. तरी निपाणीला गेलो की वस्तीत मी 'इंजिनेर' होतो, आणि ती चूक दुरुस्त करायची मला कधी घाई नव्हती. आमच्यात पगाराची नोकरी लागलेला मी पहिलाच. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला जायची. तिनं मला शिकवलं आणि मी शिकलो, इथवर ठीक होतं. पुढं मला सगळंच कळतं असं वाटू लागलं, ते काही तिनं शिकवलेलं नव्हतं.

बंगळूरला एका प्रदर्शनात मी लेझरचा खेळ पाहिला. अंधाऱ्या दालनात भिंतीवर लाल रेघांची फुलं उमलत होती, मिटत होती. लोक "अहाहा" करत होते आणि मी मात्र मागं वाकून ती फुलं काढणारी पेटी शोधत होतो. परत आलो तो डोक्यात किडा घेऊनच. आमच्या वस्तीत एप्रिलमध्ये जयंती व्हायची. निळे झेंडे, विहारासमोर मंडप, भाषणं, गाणी, सगळं थाटात. विहाराची एक बाजू नुकतीच चुना मारून पांढरी केलेली होती. त्या भिंतीवर उजेडाचं धम्मचक्र काढायचं, चोवीसच्या चोवीस आऱ्यांसकट, असं मी ठरवून टाकलं. कमिटीला विचारायच्या आधीच ठरवलं, हे वेगळं सांगायला नको.

लेझरची नळी एका ओळखीच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी जयंती होईपर्यंतच्या बोलीवर दिली. वीतभर लांबीची काचेची नळी, आत गुलाबी झगझग, आणि टोकातून सुईसारखा निघणारा लाल किरण. कमिटीच्या अध्यक्षांना दाखवली तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या ठिपक्याकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्यात निळा न्हाय व्हय मिळत?" मी त्यांना निळा का मिळत नाही हे अर्धा तास समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "निळा आस्ता तर लई झ्याक झालं आस्तं."

उजेड मिळाला. प्रश्न होता तो हलवायचा कशानं. लेझर म्हणजे नुसता एक ठिपका. तो ठिपका भराभर गोल फिरवला तर डोळ्याला गोल दिसतो, फुलाच्या वळणानं फिरवला तर फूल दिसतं. त्यासाठी आरशाचे दोन बारके तुकडे लागतात. एक उजेडाला डावी-उजवीकडं ढकलतो, दुसरा वर-खाली. मी दोन स्पीकर आडवे-उभे बसवले आणि प्रत्येकाच्या पडद्यावर नखाएवढा आरसा असा चिकटवला की पडदा हलला की आरसा कलायचा. आता त्या स्पीकरना हुकूम कोण देणार, एवढंच ठरायचं होतं. त्या एका गोष्टीपायी मी दोन महिने घरच्यांचं डोकं खाल्लं.

पहिला पर्याय दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. निपाणीत त्यांचा माइक आणि लायटिंगचा धंदा. पळत्या दिव्यांच्या माळांसाठी त्यांच्याकडं लाकडी ड्रम होता. गोल लाटणं म्हणा ना, त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. मोटर ते फिरवायची आणि पट्टी ज्या तारेला टेकेल ती माळ पेटायची. दाजी म्हणाले, "पाव्हणं, ड्रम लावू. म्या पट्ट्या ठोकून देतो, तुमी बिनघोर ऱ्हावा." मी म्हटलं, ड्रमला चालू आणि बंद एवढंच कळतं, त्यातून चक्र निघत नाही. ते खरंही होतं. पण मी ज्या तोऱ्यात ते म्हटलं तो तोरा गरजेचा नव्हता. ताईनं माझ्या ताटातली भाकरी तशीच राहिलेली बघून विषय बदलला.

दुसरा पर्याय टेपरेकॉर्डरचा. गाण्याचाच आवाज स्पीकरमध्ये सोडायचा, आरसे गाण्यावर नाचतात. करून बघितलं. भिंतीवर विंचरल्यानंतर फणीत राहतो तसला गुंतवळ दिसायचा. बघायला मजा, पण त्यातून चक्र काढा म्हटलं तर जन्मात निघालं नसतं.

तिसरा पर्याय कॉम्प्युटर, आणि खरं सांगायचं तर मला पहिल्या दिवसापासून तोच हवा होता. बाकीचे दोन मी नाकारायला म्हणूनच तपासले. आमच्या प्रयोगशाळेत टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर आला होता. त्याचा प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवायचा. वीज गेली की सगळं विसरायचा आणि कॅसेट पुन्हा वाजवून त्याला पहिल्यापासून शिकवावं लागायचं. मी साहेबांच्या मागं लागून तो सुट्टीच्या दिवशी निपाणीला घरी न्यायची परवानगी काढली आणि रेझिस्टन्स जोडून कॉम्प्युटरचे आकडे स्पीकरला कळतील असे दोन बोर्ड बनवले.

प्रोग्रामचंही दोनदा झालं. पहिल्यांदा असा लिहिला की चक्राचा एकेक बिंदू कुठं यायचा ते कॉम्प्युटर गणित करत काढेल. लावला तर ठिपका भिंतीवरून मुंगीसारखा चालायला लागला. आई म्हणाली, "चाललाय कुठं त्यो?" मग सगळी उत्तरं आधीच काढून ओळीनं मेमरीत भरली आणि मशीनच्या भाषेतला एक तुकडा लिहिला, जो ती उत्तरं नुसता वाचत सुटेल. किरण मध्येच बंद करता येत नव्हता, म्हणून चक्र एका रेघेत काढायची वाट शोधावी लागली. धावेवरून, म्हणजे चाकाच्या कडेवरून, एक घर पुढं सरकायचं, आऱ्यावरून आत मधल्या तुंब्यापर्यंत जायचं, त्याच आऱ्यावरून बाहेर यायचं, परत एक घर पुढं. ही वाट मला प्रयोगशाळेत पोरांच्या वह्या तपासताना सुचली आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. चक्र भिंतीवर आलं तेव्हा आऱ्यांची टोकं जराशी वळलेली होती, पण चक्रच होतं ते. त्या आनंदाची मात्र मला आजही लाज वाटत नाही.

हे सगळं चालू असताना एका बाजाराच्या दिवशी निपाणीच्या स्टँडवर मामा भेटले.

आधी मामा सांगायला हवेत. आईचे थोरले भाऊ. सदलग्याजवळच्या एका खेड्यात राहायचे. इतर गावांत हलगी दुसऱ्या लोकांकडं असायची, पण त्यांच्या गावात ती आमच्या लोकांवर लादलेली होती आणि मामांचा हात त्यात सगळ्यांत तयार. लग्न असो, मयत असो, जत्रा असो, वाड्यावरून माणूस येऊन "वाजीव" म्हणाला की वाजवायची. ऊन म्हणायचं नाही, ताप म्हणायचा नाही. आमच्या लोकांनी धर्म बदलला त्या वर्षी मामांनी हलगी दूधगंगेत सोडली आणि आता ह्या हातानं वाजवणार नाही म्हणून सांगितलं. गावानं त्यांचा रोजगार तोडला, पाणी तोडायची भाषा केली, मामा बधले नाहीत. परगावी ऊसतोडीला गेले, पण हलगीला हात लावला नाही. आमच्या ताईच्या लग्नात कुणीतरी चेष्टेनं त्यांच्या पुढं ताशा सरकवला तर ते पंगतीतून उठले. आम्हा भाचरांना कुणाचा अभिमान असेल तर तो मामांचा होता. माझ्या नोकरीचं कौतुक दुनियेला असेल. आई मामांना आण्णा म्हणायची, आणि ती कौतुकानं सांगायची ती आण्णांची हलगी.

तर मी बेळगावच्या गाडीत खिडकीशी बसलेलो, मांडीवर बोर्डांची पेटी. गाडी सुरू होऊन धडधडत उभी. मामा खाली खिडकीचा गज धरून उभे राहिले.

"मामा, जयंतीला यायचं बरं का," मी ओरडलो. "औंदा आपल्यात लेझर हाय."

"काय हाय?"

"लेझर! म्याच करतोय."

मामांचं तोंड उजळलं. "आनि हलवी कोण?" त्यांनी विचारलं. निदान मला तसं ऐकू आलं. मी चकितच झालो. दोन महिने मी ज्या प्रश्नाशी झटत होतो तो मामांनी एका दमात विचारला होता.

"त्येच ठरंना झालंय. दाजी म्हणत्यात ड्रम लावू. मला ड्रम नगं. ड्रममधी काय जीव न्हाय."

"ड्रम नगंच," मामा म्हणाले. "आपल्या जयंतीला ड्रम कशाला? मग कोण न्हाय व्हय रं आपल्यात?"

"न्हाय की! त्येवढं येणारं मानूसच न्हाय आपल्यात, हीच तर अडचन."

गाडी हलली. मामा गज धरून चार पावलं बरोबर चालले. त्यांचा चेहरा गंभीर झाला होता. "बरं," ते म्हणाले, "म्या बघतो." मामा काय बघणार, असं मनात म्हणत मी संकेश्वर येईस्तोवर गालात हसत होतो.

मामांनी काय ऐकलं ते मला पुढं कळलं. त्यांनी लेझीम ऐकलं होतं. त्यांनी विचारलं होतं, "हलगी कोण?" आणि त्यांना कळलं ते असं: भाच्यानं जयंतीला लेझीम ठेवलंय, लोक त्याला बँडवाल्यांचा ड्रम घ्यायला सांगतायत, पोराला ड्रम नको आहे, त्याला खरी हलगी पाहिजे, आणि वाजवणारा माणूस आपल्यात राहिलेला नाही. यातलं एक अक्षर मी खोटं बोललो नव्हतो. आणि ते एक-दोन शब्द सोडले तर त्यांनीही काही चुकीचं ऐकलं नव्हतं.

त्यांच्या गावचा एकजण नंतर सांगत होता, मामा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावात जाऊन हलगी घेऊन आले. दारात विस्तव करून ते तिचं कातडं शेकताना बघून लोक जमले. कुणीतरी विचारलंच, आण्णा, हे काय? मामा म्हणाले, "भाच्याला ड्रम नगं हाय." शाळेतून लेझमी मागून आणल्या आणि पोराबाळांचे बाप झालेल्या गड्यांना जमवून रोज सांजचं डाव बसवायला लागले.

जयंतीच्या दिवशी संध्याकाळी मी विहारासमोर टेबल मांडून बसलो होतो. नळी, आरसे, कॉम्प्युटर, टीव्ही, टेपरेकॉर्डर. प्रोग्राम कॅसेटवरून चढवून झाला होता, भिंतीवर एकदा चाचणीही झाली होती. मी नवा शर्ट घातला होता आणि खिशाला दोन पेनं लावली होती. लोक लांबून बघत होते आणि मला ते लांबून बघणं आवडत होतं.

तेवढ्यात टेम्पो आला आणि पांढरे कपडे घातलेले गडी उतरले. लेझमी छनछनल्या. शेवटी मामा उतरले. पांढरं धोतर, डोक्याला निळा पटका, आणि हातात हलगी.

बायकांच्या बाजूला बसलेली आई उठून आली. ती त्या हलगीकडंच बघत होती.

"आण्णा, ह्ये काय?"

"पोरानं सांगावा दिलता," मामा म्हणाले. आवाजात संकोच होता आणि त्याहून जास्त आनंद होता. "आपल्याच जयंतीला वाजवायची हाय की गं. गावकीची थोडीच हाय? म्हटलं, पोरानं मागिटली तर देऊ."

आई माझ्याकडं वळली. "काय सांगिटलंस रं तू त्येला?"

त्या क्षणी मला स्टँडवरचं सगळं बोलणं उलटं आठवत गेलं. हलवी कोण. हलगी कोण. मामांना तिथंच बाजूला घ्यायला पाहिजे होतं. हात धरून सांगायला पाहिजे होतं की मामा, असं असं झालंय, चूक माझी आहे, या, बसा माझ्याजवळ. दोन मिनिटांचं काम होतं. पण अध्यक्ष माइककडं निघाले होते, आणि कॉम्प्युटर चालू होता, आणि मला वाटलं की आता जागा सोडली तर कुणीतरी वायरीत पाय घालील. मी आईला म्हणालो, "मागनं सांगतो." वायर महत्त्वाची वाटली मला.

अध्यक्षांनी माइकवर जाहीर केलं, "आता आपल्या वस्तीचे इंजिनेर लेझर शो सादर करतील." मामांनी मान हलवली, गड्यांना खूण केली आणि सगळे रांगेनं मंडपासमोरच्या मोकळ्या जागेत येऊन उभे राहिले. मामांनी हलगी खांद्याला अडकवली.

"अवो मामा," अध्यक्ष माइकवरच म्हणाले, "लेझीम न्हवं, लेझर! लेझर! लाइटचा खेळ हाय त्यो!"

लोक हसले. वाईट बुद्धीनं हसले असं मी म्हणणार नाही. जयंतीचा दिवस, सगळे आनंदात होते, हसण्यासारखी गोष्ट होती, हसले. मीही हसलो. आपण ह्या गोंधळातले नाही, हे दाखवायला माणूस हसतो तसा हसलो. मामांनी अध्यक्षांकडं बघितलं, माझ्या टेबलाकडं बघितलं, आणि त्यांना कळलं. त्यांनी हलगी उतरवली आणि खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळायला लागले. गडी लेझमी घेऊन एका बाजूला सरकले. लेझीम गप्प धरता येत नाही. प्रत्येक पावलाला ती वाजत होती आणि प्रत्येक वेळी मागून कुणीतरी हसत होतं.

अध्यक्ष ओरडले, "लाइट बंद!" दाजींनी मुख्य खटका ओढला. एवढे दिवे एका झटक्यात गेल्यावर व्होल्टेज उसळतं, हे मी पोरांना वर्गात शिकवत होतो. टीव्हीवरचं चित्र एकदा उड्या मारून कोरं झालं. कॉम्प्युटर सगळं विसरला. भिंतीवर अध्यक्षांनी पहिल्या दिवशी पाहिलेला तोच लाल ठिपका, एका जागी.

लोक थांबले, मग कुजबुजले, मग शिट्ट्या सुरू झाल्या. पुन्हा दिवे लागले. अध्यक्ष माझ्याजवळ आले. "काय झालं? किती टाइम?"

"कॅसेट परत चढवाय लागंल. पाच-सात मिनटं."

"पाच-सात मिनटं लोक बसत्यात व्हय? तवर लेझीम हुंदे की. आल्यातच तर."

मी मामांकडं बघितलं. ते टॉवेलाची गाठ मारत होते. अध्यक्षांचं ऐकून त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघत राहिले. नाही म्हणायचं त्यांना नवीन नव्हतं. अख्ख्या गावाला नाही म्हणून बसलेला माणूस तो. अध्यक्ष त्यांना वाजवायला लावू शकले नसते. ते वाट बघत होते मी काय म्हणतो त्याची.

"वाजवा, मामा," मी म्हणालो.

टेपरेकॉर्डरचं बटण दाबत म्हणालो, धड वर न बघता.

मामांनी गाठ सोडली. पहिले दोन-चार ठोके चाचपडत पडले. मग हात लागला. तसली हलगी मी आयुष्यात परत ऐकली नाही. डाव्या हातात बारीक लांब काडी आणि उजव्या हातात बोटभर टिपरी, पण आवाज मंडपाच्या पत्र्यातून दणका घेऊन परत यायचा. गडी वाकत होते, वळत होते, लेझमी एकदम उघडत होत्या, एकदम मिटत होत्या. पोरं उड्या मारायला लागली. बायका उठून उभ्या राहिल्या. फक्त म्हातारी माणसं, ज्यांना मामांची हलगी नदीत गेलेली ठाऊक होती, ती मांडीवर हात ठेवून खाली बघत बसली होती.

मी बघत नव्हतो. मी टीव्हीच्या पडद्यावर डोळे लावून बसलो होतो. कॅसेटचा चिरका आवाज हलगीखाली ऐकूही येत नव्हता. मी मनात म्हणत होतो, चढ बाबा, चढ, चढ. चढला. मी बटण दाबलं, आरसे गुणगुणले, पण उजेडात भिंतीवर काहीच दिसत नव्हतं. आता व्होल्टेज परत उसळू नये म्हणून दिवे एकेक करून घालवायचे होते. मी दाजींना खूण केली आणि मामांकडं हात वर केला.

"बास!" मी म्हणालो.

मामा थांबले. डाव रंगात आला होता, गडी अर्ध्या गिरकीत होते, पण माझा हात वर गेल्याबरोबर ठोका तुटला. एक ठोकासुद्धा जास्त पडला नाही. आणि थांबल्यावर मामा माझ्या दिशेनं कमरेत वाकले, त्यांचा उजवा हात जमिनीकडं गेला आणि वर येऊन कपाळाला लागला.

तो जोहार होता. वाड्यावरच्या माणसानं हात वर केला की हलगीवाल्यानं थांबायचं आणि तसा जोहार घालायचा, ही आमच्या लोकांची जुनी रीत. धर्म बदलल्यापासून आमच्यात कुणी कुणाला जोहार घातला नव्हता. मी तो कुणाला घालताना कधी बघितला नव्हता, फक्त आईनं एकदा करून दाखवला होता, आणि दाखवता दाखवता रडली होती. तो आज माझ्यासमोर झाला, मला झाला, सख्ख्या मामांनी घातला. खिशाला दोन पेनं लावून, हात वर करून टेबलामागं मी उभा होतो.

मामांचा हात कपाळावरच थबकला. मग त्यांनी तो असा खाली घेतला, जसा काही घाम पुसायला नेला होता. आई तिथून दहा हातांवर उभी होती. तिनं तोंडावर पदर घेतला आणि पाठ वळवली.

दाजींनी दिवे माळ-माळ करून घालवले. अंधार झाला आणि पांढऱ्या भिंतीवर पुरुषभर उंचीचं लाल चक्र उभं राहिलं. ओरडा झाला, टाळ्या झाल्या, घोषणा झाल्या. अध्यक्ष माइकवर माझं कौतुक करत होते, बेळगाव-कोल्हापुरात असली गोष्ट झालेली नाही म्हणत होते. चक्र थोडं थरथरत होतं. आऱ्यांची टोकं वळलेली होती. मला ते पुसून टाकावंसं वाटलं.

मामा अंधारातून टेबलाजवळ आले आणि माझ्या बाजूला उभे राहिले. त्यांच्या श्वासाची गती अजून उतरली नव्हती. ते भिंतीकडं बघत होते.

"आपसूक गेला रं हात," ते हळूच म्हणाले.

माफी त्यांनी माझी मागावी, हे मला कुठं ठेवू ते कळेना. "मामा, चूक माझी हाय" एवढे चार शब्द म्हणायचे होते, आणि मी कॅसेट डबीत घालत राहिलो.

"तुझ्या आईनं बघिटलं न्हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय, मामा," मी म्हणालो. "ती चक्राकडं बघत हुती."

हात गेला तेव्हा दिवे चालू होते, भिंतीवर चक्र दिसतच नव्हतं. ते मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

"मग बरं झालं," मामा म्हणाले.